मिरवणुकीचा फोटो छापता, तसं पोरांच्या शिक्षणाचंही छापा की

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात आमच्या शेजारच्या गावातल्या रिटायर जवानाच्या मिरवणुकीचा फोटो आला होता, उघडी जीप, फेटे, मागं डॉल्बी आणि चौकात हे मोठं फ्लेक्स. बघून बरं वाटलं. आमच्या ह्यांचीपण अशीच काढलेली, मी ओवाळताना रडलेले तो फोटो अजून शोकेसमध्ये आहे. पण त्या दिवशी जीपमागं नाचणाऱ्या शंभर जणांपैकी एकानं जरी सांगितलं असतं की वहिनी, पोरांच्या शिक्षणाला पंतप्रधान स्कॉलरशिप मिळते, तर आमचे लाख-सव्वा लाख वाचले असते. म्हणून हे पत्र.

झालं असं की थोरल्यानं 2021 ला बी. फार्मसीला ॲडमिशन घेतलं, बारावीला 68 टक्के होते. आम्ही सोसायटीचं कर्ज काढून फी भरली आणि गप्प बसलो. दुसऱ्या वर्षी मिलिटरी कॅन्टीनच्या रांगेत एक बाई भेटल्या, त्या म्हणाल्या तुम्ही पीएमएसएस, म्हणजे हीच पंतप्रधान स्कॉलरशिप, भरला नाही का? मला वाटलं विम्याचं काहीतरी असंल. मग धावत सैनिक कल्याण ऑफिस गाठलं, तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं की ताई, अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा असतो, दुसऱ्या वर्षाला आलेल्याचा घेत नाहीत. त्यांची काय चूक, नियमच तसा आहे. मुलाला महिना 2,500 म्हणजे वर्षाला 30,000, चार वर्षांचे किती झाले तुम्हीच करा हिशोब. आमचे हे घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, मग गोठ्यात जाऊन बसले.

आता लोकांत काय घोळ आहे ते सांगते, कारण मी स्वतः त्यातनं गेले. सगळ्यांना वाटतं मिलिटरीवाला म्हटलं की सगळं फुकट. तसं नाही. नोकरीत असलेल्याचं वेगळं, रिटायर झालेल्याचं वेगळं आणि शहीद झालेल्याच्या पोरांचं वेगळं. आमचे दीर अजून नोकरीत आहेत, त्यांना पोरांसाठी बारावीपर्यंत एज्युकेशन अलाऊन्स मिळतो, 2024 पासून महिना 2,812 रुपये 50 पैसे एका पोरामागं आणि तोही दोघांपुरताच. पण पंतप्रधान स्कॉलरशिप त्यांच्या मुलाला नाही, ती माजी सैनिकाच्या मुलांना आणि विधवांना, तीपण ऑफिसर रँकच्या खालच्यांना. वर्षाला साऱ्या देशात 5,500 स्कॉलरशिप देतात, निम्म्या मुलींना. बारावी नाहीतर डिप्लोमाला 60 टक्के पाहिजेत आणि कोर्स प्रोफेशनल पाहिजे, इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, एमबीए असला. साधं बीए, बीएस्सी चालत नाही. हे मला अजून पटलेलं नाही, बीए करणाऱ्या पोरीचा बाप काय कमी बर्फात उभा राहिला होता काय? पण नियम आहे.

बीए वाल्यांना मग दुसरं आहे, रक्षा मंत्री फंडातनं रिटायर हवालदार आणि त्याच्या खालच्या रँकच्या माजी सैनिकांना पहिलीपासून ग्रॅज्युएशनपर्यंत दोन पोरांना महिना 1,000 मिळायचे, ते नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 2,000 केलेत. आमच्या गावात ही बातमी किती जणांना माहीत आहे विचारा, मी विचारलं, दोघांना. शहीद आणि युद्धात अपंग झालेल्यांच्या पोरांची ट्यूशन फी सरकार पूर्ण देतं, त्यावर 2017 ला महिना 10,000 ची मर्यादा घातलेली, ओरड झाल्यावर 2018 ला काढली. आणि इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडला, म्हणजे सरकारी ॲडमिशनच्या फेरीला, मिलिटरीवाल्यांच्या पोरांसाठी डिफेन्सच्या 5 टक्के जागा असतात, फॉर्म भरतानाच त्या रकान्यावर टिक करायची, नंतर सर्टिफिकेट घेऊन कितीही फिरा.

धाकटीच्या वेळी मी शहाणी झालेले. तिनं 2024 ला बीएस्सी नर्सिंग घेतलं, ॲडमिशनच्या दुसऱ्याच दिवशी मी फाईल घेऊन तयार. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या साईटवर अर्ज, कॉलेजचं बोनाफाईड, तिच्या स्वतःच्या नावावरचं आधार लिंक खातं, सगळं केलं. आणि अडलं कुठं, तर ह्यांच्या रिटायरमेंटच्या डिस्चार्ज बुकात पोरीचं नाव "पिंकी"! ती झाली तेव्हा हे लेहला होते, एसटीडीवर बातमी कळली, ह्यांनी आनंदात तसंच क्लार्कला सांगितलं आणि पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे घरच्यांची नावं चढवायच्या मिलिटरीच्या कागदाला, पिंकी छापून आली. दहावीच्या मार्कलिस्टवर वेगळं नाव, आधारवर वेगळं. मग ॲफिडेव्हिट, रेकॉर्ड ऑफिसला पत्र, परत पत्र, ह्यांची बेळगावला एक फेरी. शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी कागद आला. मिळाली एकदाची, मुलींना महिना 3,000, वर्षाचे 36,000 एकदम खात्यात येतात आणि दरवर्षी 50 टक्के मार्क असले तरच पुढचे.

आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळी, सैनिक गिरगाव अशी गावाच्या नावातच सैनिक आहे, आमच्या गडहिंग्लज-चंदगडकडं तर घराआड एक मिलिटरीवाला. आता 2022 नंतरचे अग्निवीरपण चार वर्षं भरून परत यायला लागतील, त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे ही स्कॉलरशिप त्यांच्या पोरांना नाही. त्यांना इग्नूची डिग्री आहे जिच्यात निम्मे क्रेडिट मिलिटरीतल्या ट्रेनिंगचे धरतात, पण ते नोकरीत असतानाच कुणीतरी सांगायला पाहिजे ना.

तर विनंती एवढीच. भरतीची तारीख तुम्ही न चुकता पहिल्या पानावर छापता, तसंच बारावीचा निकाल लागला की आतल्या पानावर एक चौकट टाका, कुठली योजना, कुणाला, कागद कुठले, शेवटची तारीख कधी. मोठ्या अक्षरात टाका, कारण हे कागद जमवतात आमच्यासारख्या बायका, आणि त्या पेपर वाचतात भाकरी थापता थापता.

आपली,
एका माजी हवालदाराची बायको,
ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर

ता. क. : ज्यांचा जवान आत्ता बॉर्डरवर आहे आणि घरात बाळ झालंय, त्यांनी बारसं होईपर्यंत त्याला फोनवर लाडाचं नाव सांगू नका.