शाँतिईच्या अरण्यातील गोल्फबद्दल एक जाहीर आभारपत्र

आदरणीय काकांस,

सादर नमस्कार.

खासगी पत्राने आपले आभार मानून झाले आहेत, तरीही हे जाहीर पत्र लिहीत आहे, कारण आपण केलेल्या मदतीचे स्वरूप इतर मराठी गोल्फपटूंनाही कळावे असे मला वाटते. परदेशातील जुन्या खासगी क्लबवर खेळायला मिळणे म्हणजे ओळखीने आत प्रवेश मिळणे, अशी आपल्याकडे बहुतेकांची समजूत असते. आपण सभासद या नात्याने माझी हमी घेतलीत, माझ्या हँडिकॅपचा (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचा) दाखला आधीच मागवून घेतलात, हे सारे होतेच. पण मला खरे ऋण वाटते ते त्यानंतरच्या गोष्टींचे.

फ्रान्समध्ये पॅरिसच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या आपल्या शाँतिईच्या गोल्फ क्लबची स्थापना १९०९ सालची. मी येण्यापूर्वीच आपण त्याचा इतिहास मला सविस्तर लिहून कळवला होता, आणि त्यामुळे पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करण्याच्या जागी, उभा राहिलो तेव्हा आपण कोठे उभे आहोत याची मला पुरेशी जाणीव होती. येथे १९१३ साली फ्रेंच ओपन झाली आणि जॉर्ज डंकन जिंकला. १९२५ साली येथेच आर्नो मासीने तीच स्पर्धा चौथ्यांदा जिंकली. १९०७ साली हॉयलेकला ब्रिटिश ओपन जिंकणारा हाच तो मासी. ब्रिटनबाहेरचा तो पहिला विजेता, आणि त्याच्यानंतर आजवर एकाही फ्रेंच खेळाडूला ती जिंकता आलेली नाही. निक फाल्डोने १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे येथे फ्रेंच ओपन जिंकल्याचे मला ठाऊक होते. मासीची गोष्ट मात्र आपल्यामुळेच कळली.

या सगळ्याहून मोलाचे होते ते आपण मैदान वाचायला शिकवलेत ते. क्लबच्या सध्याच्या ‘व्हिनय’ नावाच्या मैदानावर १९२० च्या दशकात काम केलेला टॉम सिम्पसन हा इंग्रज आरेखक बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, केवळ चेंडू अडवण्यासाठी ठेवत नसे, तो त्यांच्या साहाय्याने खेळाडूच्या नजरेला चकवा देत असे, हे आपण मला सांगितलेत आणि लगेच दाखवूनही दिलेत. ग्रीनला, म्हणजे शेवटच्या भोकाभोवतीच्या आखूड हिरवळीला, अगदी लागून असल्यासारखा दिसणारा बंकर प्रत्यक्षात ग्रीनच्या बराच अलीकडे असतो, मधली जागा टीवरून किंवा फेअरवेवरून (टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून) दिसतच नाही, आणि नजरेवर विसंबून आयर्न (लोखंडी डोक्याची काठी) निवडणाऱ्याचा चेंडू हमखास अलीकडे पडतो. फेअरवे प्रशस्त दिसतात, पण त्यांच्या कोणत्या बाजूला चेंडू ठेवला यावर पुढचा फटका सोपा की अवघड हे ठरते. येरवड्याच्या मैदानावर मी इतकी वर्षे खेळलो, परंतु फेअरवेत चेंडू पडला की काम झाले, यापलीकडे मी क्वचितच विचार करत असे. आपण प्रत्येक टीवर मला एकच प्रश्न विचारत होता: “दुसरा फटका कोठून मारायचा आहे?” उत्तर मिळाले की आपण गप्प राहत होता. (विचारल्याशिवाय सल्ला न देणारे ज्येष्ठ गोल्फपटू किती दुर्मिळ आहेत, हे वाचकांना मी सांगायला नको.)

ओक आणि बीचच्या झाडांत गेलेला चेंडू कसा काढावा, याबाबतचे आपले मतही मला पूर्ण पटले. फांद्यांमधली फट दिसली की तिच्यातून थेट ग्रीन गाठण्याचा मोह होतो. आपण त्याऐवजी चेंडू उजव्या पायाजवळ घेऊन, आखूड स्विंगने, खालून सरळ फेअरवेत आणता आणि त्यात कमीपणा मानत नाही. शरद ऋतूत पानांखाली गेलेला चेंडू शोधायला नियमाने मिळतात ती तीनच मिनिटे. तीसुद्धा आपण घड्याळ लावून पाळता. बंकरमधील वाळू सारखी करणे, ग्रीनवर चेंडू आदळून पडलेला खड्डा बुजवणे, ही कामे तिथे खेळाडू स्वतः करतात, आणि ती कॅडीवर (काठ्या वाहणाऱ्या मदतनिसावर) सोपवण्याची माझी सवय आपल्याकडे पाहून एका शब्दाविना सुटली.

एका गोष्टीबद्दल विशेष आभार. खेळ आटोपल्यावर आपण मला क्लबच्या बारऐवजी थेट अरण्यात फिरायला नेलेत. द्यूक दोमाल या फ्रेंच राजपुत्राने १८८६ साली शाँतिईची मालमत्ता ‘अँस्तित्यू द फ्रान्स’ या संस्थेला दान केली आणि आज सुमारे ६,३०० हेक्टरांचे हे अरण्य तिच्याच मालकीचे आहे. उष्णतेने व दुष्काळाने ओक खालावत चालले आहेत आणि त्यांची मुळे भुंगेऱ्यांच्या अळ्या कुरतडत आहेत. शेंडा वाळलेला ओक कसा ओळखायचा ते आपण दाखवलेत, तेव्हा ज्या झाडांमुळे मैदानाला रूप आले आहे ती पुढल्या पिढीला दिसतील का, हा प्रश्न मला प्रथमच पडला. माझ्यासारख्याने निव्वळ स्कोअरकार्ड घेऊन परतावे, हे आपल्याला मंजूर नव्हते, असे मी समजतो.

थंडीत आपण आणि काकू पुण्याला येणार असल्याचे कळले. येरवड्याला सकाळची पहिली वेळ आपल्यासाठी मागून ठेवीन. तारखा तेवढ्या वेळेवर कळवाव्यात. काकूंना नमस्कार सांगावा.

आपला कृतज्ञ,
पुण्याचा पाहुणा