लुसिटानिया आणि मधली दोन वर्षं

पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

अमेरिका तटस्थ होती, लुसिटानिया ही ब्रिटिश प्रवासी बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली म्हणून ती पहिल्या महायुद्धात उतरली, असं उत्तर तू फोनवर धाडकन सांगून मोकळा झालास. आता तारखा शेजारी शेजारी लिही. बोट बुडाली ७ मे १९१५ ला, १,१९८ माणसं गेली, त्यात १२८ अमेरिकन. अमेरिकेनं युद्ध पुकारलं ६ एप्रिल १९१७ ला. मधल्या जवळजवळ दोन वर्षांचं काय?

ऑगस्ट १९१४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्सननं देशाला बजावलं होतं की नुसत्या वागण्यात नाही, मनातसुद्धा कुणाची बाजू घेऊ नका. पण ब्रिटिश आरमारानं जर्मनीची नाकेबंदी केली आणि अमेरिकेचा माल जवळपास एकाच बाजूला जाऊ लागला. ठरवून कुणी बाजू घेतली नव्हती, बंदरं उघडी होती ती तिकडचीच. परराष्ट्रमंत्री ब्रायन सुरुवातीपासून म्हणत होता की लढणाऱ्यांना कर्ज देऊ नका. त्याचं किती दिवस ऐकणार? ऑक्टोबर १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी ब्रिटन-फ्रान्सला ५० कोटी डॉलर दिले. ब्रायन त्याआधीच, जूनमध्ये, राजीनामा देऊन घरी गेला होता. मला विचारशील तर त्या सगळ्यांत पुढचं दिसलं ते त्यालाच.

मी पॅकहाउसचे, म्हणजे द्राक्षं भरून परदेशी पाठवतात तिथले, हिशेब बघते, म्हणून मला हे लगेच पटतं. ज्याच्याकडे आपली उधारी अडकली, त्याचं दुकान बुडू नये असं आपल्याला वाटतंच, मग तो माणूस आवडो न आवडो.

आणि समुद्रावरच्या भांडणात तटस्थ माणसाचं काय होतं ते तर आपण २०२४ च्या हंगामात बघितलंच. जहाजांवर हल्ले करणाऱ्या येमेनच्या हुथी बंडखोरांशी आपलं काही वाकडं नव्हतं. तरी तांबड्या समुद्राची वाट सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, भाडं वाढलं, आणि पनेटमध्ये (छोट्या प्लास्टिकच्या डब्यात) बुरशी रोखणारं पॅड घालून शून्य अंशावर पाठवलेली द्राक्षं आठ-पंधरा दिवस जास्त कंटेनरमध्ये पडून राहिली. देठ तपकिरी पडला की तिकडचा व्यापारी भाव पाडतो. तुझे बाबा तेव्हा रोज जहाजाचा नकाशा उघडून बसायचे.

तरी सावकारांनी अमेरिकेला युद्धात ढकललं, असं सरसकट लिहू नकोस. तेवढंच कारण असतं तर दोन वर्षं लागली नसती. नोव्हेंबर १९१६ मध्ये विल्सन पुन्हा निवडून आला तो ‘यानं आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं’ याच प्रचारावर. खरा निर्णय बर्लिननं घेतला. १ फेब्रुवारी १९१७ पासून पाणबुड्यांनी दिसेल ते जहाज बुडवायचं ठरलं. अमेरिका चिडेल हे त्यांना माहीत होतं, पण ती सैन्य घेऊन येईपर्यंत ब्रिटन उपाशी पडेल असा त्यांचा हिशेब होता. त्यात जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमनची तार. युद्ध झालंच तर आमच्या बाजूनं या, टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत मिळवायला मदत करू, असं मेक्सिकोला आमिष! मार्चमध्ये ती छापून आल्यावर, ज्याचा व्यापाराशी संबंध नव्हता असा आतल्या राज्यातला शेतकरीही खवळला.

दुसऱ्या महायुद्धाचा प्रश्न आला तर जपाननं डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावर केलेल्या हल्ल्यापासून सुरुवात करू नकोस. सप्टेंबर १९४० मध्ये अध्यक्ष रूझवेल्टनं ब्रिटनला ५० जुन्या विनाशिका (युद्धनौका) देऊन बदल्यात तळ घेतले, मार्च १९४१ मध्ये लेंड-लीज, म्हणजे मित्रदेशांना युद्धसामग्री उसनी देण्याचा कायदा, आला, जुलैत अमेरिकन सैनिक आइसलँडमध्ये उतरले. ३१ ऑक्टोबरला रूबेन जेम्स ही विनाशिका जर्मन पाणबुडीनं बुडवली, शंभराच्या आसपास खलाशी गेले. तेव्हाही अमेरिका कागदावर युद्धाबाहेरच होती. पर्ल हार्बरला अजून पाच आठवडे होते.

मेसचे पैसे टाकलेत. उत्तर लिहिलंस की फोटो पाठव, तारखा मी तपासते.

तुझी,
आई