वेस्ट लाफायेटहून पत्र

वेस्ट लाफायेट, इंडियाना
८ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

मी खुशाल आहे. थंडीचे कपडे पुरेसे आहेत आणि परीक्षेचा अभ्यासही मार्गी लागला आहे, तेव्हा आईने काळजी करू नये. सतत हरणाऱ्या संघासाठी शनिवार कशाला घालवतोस, असे बाबांनी फोनवर विचारले, त्याचे उत्तर घाईत देता आले नाही. तिकिटांचा खर्च मी असिस्टंटशिपच्या पैशांतून केला. कर्जाच्या रकमेला हात लावलेला नाही, हे आधीच सांगतो.

आमच्या पर्ड्यू विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ यंदा १२ पैकी ११ सामने हरला. पहिल्या सामन्यात इंडियाना स्टेटला ४९-० असे हरवले तेव्हा सगळ्यांनाच मोठी आशा वाटली होती, पण पुढच्याच सामन्यात नोटर डेम विद्यापीठाच्या संघाने आमच्याच मैदानावर ६६-७ अशी धूळ चारली. प्रशिक्षक रायन वॉल्टर्स अवघे ३८ वर्षांचे. चार सामन्यांनंतर त्यांनी आक्रमणाची जबाबदारी सांभाळणारा साहाय्यक बदलून पाहिला, तरी गाडी रुळावर आली नाही. ज्या इलिनॉय विद्यापीठात बचावाचे प्रशिक्षक म्हणून त्यांचे नाव झाले, त्याच इलिनॉयविरुद्ध मोठी पिछाडी भरून काढून आमच्या मुलांनी सामना जादा वेळेपर्यंत नेला. तिथे एका गुणाच्या सोप्या किकने बरोबरी साधता आली असती, पण वॉल्टर्सनी थेट विजयासाठी दोन गुणांचा अवघड डाव टाकला, तो फसला आणि आम्ही सामना ५०-४९ असा हरलो. बाबा, त्या दिवशी ती मुले जिवाच्या आकांताने खेळली. त्यांना नुसते हरणारे म्हणणे मला पटत नाही.

शेवटचा सामना ब्लूमिंग्टनला, इंडियाना विद्यापीठाशी. या दोघांत १९२५ पासून एका जुन्या ओक लाकडाच्या बादलीसाठी लढत होते. बादली म्हणजे खरोखर विहिरीवरची बादली. जिंकणारा संघ ती वर्षभर आपल्याकडे ठेवतो आणि तिच्या साखळीत आपले धातूचे अक्षर अडकवतो, पर्ड्यूचे ‘पी’, इंडियानाचे ‘आय’. पहिला सामना ०-० असा सुटला, म्हणून पहिल्या कडीत दोन्ही अक्षरे आहेत. सोन्यारुप्याची नसूनही या बादलीसाठी वयस्क माणसे डोळ्यांत पाणी आणतात, हे मी पाहिले आहे. यंदा आम्ही ६६-० असे हरलो आणि दुसऱ्याच दिवशी, १ डिसेंबरला, वॉल्टर्सना पदावरून दूर केले. दोन हंगामांत ५ विजय आणि १९ पराभव, त्यामुळे निर्णय अनपेक्षित नव्हता. तरीही वाईट वाटले. त्यांच्या घरच्यांचे काय, असे आई विचारील. करार संपण्याआधी काढले तर इथे भरपाई द्यावी लागते.

आता घरचे. ताईच्या लग्नाला फेब्रुवारीत येणे जमणार नाही, ऐन सत्रात रजा मिळत नाही. तिने रागावू नये, मी मे महिन्यात नक्की येतो. मुहूर्त माझ्यासाठी पुढे ढकलू नका. कर्जाच्या व्याजाचे पैसे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाठवतो, त्यात लग्नासाठीही थोडे असतील. हॉलचे किंवा दागिन्यांचे पैसे कमी पडले, तर आईच्या पाटल्या मोडण्याआधी मला कळवा.

आपला,
निखिल