टोळीबरोबर गोळ्याही निघाव्यात

महोदय,

१ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, साताऱ्या-सांगलीत प्रभातफेऱ्या निघतात, लाल फिती लागतात. नेमका तेव्हाच गळीत हंगाम भरात असतो. बीडच्या, जतच्या, माणच्या ऊसतोड टोळ्या फडावर उतरलेल्या असतात आणि दिवाळी उरकून खानापूर-आटपाडीची गलाई (सोने-चांदी गाळण्याचा धंदा करणारी) मंडळी देशभरातल्या आपापल्या दुकानांवर परतलेली असते. गावातल्या शिबिराला ही माणसे भेटत नाहीत. जे आधीच एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारे रोजचे औषध) घेतात, त्यांच्या गोळ्या याच चार-पाच महिन्यांत तुटतात. परगावी जाणारा माणूस रोग आणतो, हा समज आम्हाला मान्य नाही. प्रश्न गोळीच्या खंडाचा आहे, आणि त्यावरचे सर्वात कसून झालेले काम आफ्रिकेतल्या खेड्यांतले आहे.

युगांडातील राकाई जिल्ह्यात, एक जोडीदार एचआयव्हीबाधित आणि दुसरा नाही अशा ४१५ जोडप्यांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. ९० जोडीदारांना नव्याने लागण झाली. मात्र ज्यांच्या रक्तात मिलिलिटरमागे १,५०० पेक्षा कमी विषाणू होते, त्यांच्याकडून एकालाही झाली नाही. पुढे २०११ मध्ये, पुणे-चेन्नईसह ९ देशांत झालेल्या चाचणीत, लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. नियमित औषधाने विषाणू चाचणीत दिसेनासा झाला, की लैंगिक संबंधातून लागण होत नाही. हे आपल्याकडे दवाखान्याच्या भिंतीवर ठळक लिहायला हवे.

मग दक्षिण आफ्रिकेतल्या ह्लाबिसा या ग्रामीण भागात काय बिघडले? तिथे २२ विभागांत घरोघरी तपासणी झाली आणि निम्म्या विभागांत बाधितांना ताबडतोब औषध देऊ केले. तरी २०१८ साली आलेल्या निष्कर्षात नव्या लागणीत फरक दिसला नाही. तपासणीला लोक तयार झाले, पण निदान झालेले अनेक जण महिनोन्महिने दवाखान्यात पोचलेच नाहीत. पुरुष कामासाठी बाहेर असत, ते घरी सापडणेच कठीण. निदान आणि पहिली गोळी यांमधली वाट कोणी बांधलीच नव्हती. आपल्याकडेही शिबिराच्या अहवालात ‘इतक्यांची तपासणी’ असते. त्यातले किती जण एआरटी केंद्रात पोचले, हा रकानाही छापला पाहिजे.

औषध सुरू झाल्यावर ते तुटू नये, ही पुढची वाट मोझांबिकच्या टेटे प्रांतात २००८ पासून रुग्णांच्या गटांनी बांधली. प्रकृती स्थिर असलेले जास्तीत जास्त ६ जण गट करतात. दर महिन्याला गावातच जमून एकमेकांच्या उरलेल्या गोळ्या मोजतात, गटाच्या कार्डावर नोंदवतात. मग एकजण दवाखान्यात जाऊन सगळ्यांची औषधे आणतो आणि त्याच फेरीत स्वतःची तपासणी करून घेतो. म्हणजे प्रत्येकाला सहा महिन्यांतून एकच खेप. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गटांत असलेल्या १,३०१ जणांपैकी १,२६९ उपचारात टिकून होते, ३० दगावले होते. माग लागला नाही असे फक्त दोघे.

ऊसतोडीच्या टोळीत हे जसेच्या तसे चालणार नाही. गटात सगळ्यांना एकमेकांचा आजार ठाऊक असतो, आणि टोळीत उचल, काम, राहण्याची कोपी सारे मुकादमाच्या हातात. म्हणून गट टोळीचा न करता गावचा करावा, ओळखीच्या बाधितांनी स्वखुशीने जमवलेला, आणि मुकादमाला त्यात स्थान नसावे. संमतीशिवाय कोणाची बाधा उघड करण्यास २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे.

आमची मागणी साधी आहे. स्थिर रुग्णांना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तीन महिन्यांच्या, म्हणजे ९० गोळ्या हातात द्याव्यात. कारखान्याजवळचे एआरटी केंद्र किंवा त्याला जोडलेले लिंक केंद्र रुग्णाच्या हिरव्या नोंद-पुस्तकात आधीच लिहून द्यावे, म्हणजे उरलेल्या गोळ्या तिथे मिळतील. व्हायरल लोडची (रक्तातले विषाणू मोजण्याची) तारीख हंगामात येत असेल तर टोळी निघण्यापूर्वीच रक्त घ्यावे. गोळी थांबली की साधारण दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो. त्यामुळे ‘होळीला आल्यावर बघू’ हे महाग पडते.

आणखी एक बारीक बाब वारंवार सुटते. गरोदर बाईला लोह व कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. सध्याच्या एआरटी गोळीतले डोल्युटेग्राव्हिर त्या गोळ्यांबरोबर रिकाम्या पोटी घेतले तर अंगात नीट शोषले जात नाही. जेवणाबरोबर दोन्ही एकत्र चालतात. नाहीतर एआरटीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. पित्तावरच्या अँटासिडने तर जेवणाबरोबरही अडथळा येतो, तिथे हे अंतर पाळावेच लागते. फडावर पहाटे चारला उठून भाकरी बांधणाऱ्या बाईला हे आशाताईने वेळ ठरवून सांगावे: लोह आणि कॅल्शियम दुपारपर्यंत वेगवेगळ्या वेळी, एआरटी रात्री झोपताना.

— आरोग्य क्षेत्रातील काही कार्यकर्ते, विटा (जि. सांगली)