फलकावरचा डीमार्ट

महोदय,

काळाचौकीच्या नाक्यावर सध्या एका भावी नगरसेवकाचा फलक झळकतो आहे: 'आपल्या विभागात लवकरच डीमार्ट! पाठपुरावा सुरू.' खाली सह्यांच्या मोहिमेचं आवाहन. आमच्या इमारतीतल्या बायकांनी रांग लावून सह्या केल्या, मीही केली. पण एका सहकारी ग्राहक भांडाराच्या खरेदी विभागात माझी उभी हयात गेली आहे, त्यामुळे चार शब्द लिहावेसे वाटले.

मागणी रास्तच आहे. गिरण्या गेल्या, टॉवर आले आणि त्यांच्या तळमजल्यावर सोफ्यांच्या शोरूम, सलून, बँका आल्या. महिन्याचं सामान एका जागी, छापील किमतीपेक्षा दोन पैसे कमी देऊन भरायचं तर लांब जावं लागतं. परतताना आट्याची दहा किलोची पिशवी आणि तेलाचा डबा पायाशी ठेवून जवळच्या भाड्यासाठी टॅक्सीवाल्याच्या विनवण्या कराव्या लागतात आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात. खालचा वाणी अडीअडचणीला वहीवर मांडून देतो, त्याला नावं ठेवणार नाही. पण तूरडाळीचा भाव तो म्हणेल तो.

आता डीमार्टचं गणित पाहा. 2002 साली पवईत पहिलं दुकान उघडलं तेव्हापासून या कंपनीचा कल भाड्याच्या जागेपेक्षा स्वतःच्या जागेकडे आहे. भाडं वाचतं, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते केल्याने माल स्वस्त पडतो, म्हणून गिऱ्हाइकाला सूट देता येते. पण अशा दुकानाला तीस-चाळीस हजार चौरस फूट लागतात. आमच्याकडच्या जमिनीचे भाव लावून ती जागा घेतली, तर डाळ स्वस्त विकणार कशी? शिवाय मालाचे ट्रक उभे कुठे राहणार? गल्लीत दोन्ही बाजूंना स्कूटर, आणि गणपतीच्या दिवसांत लालबागकडून हातगाडीसुद्धा हलत नाही.

खरी चावी पुनर्विकासाच्या नकाशात आहे. आमच्या समोरच्या चाळी पाडून जी इमारत होणार आहे, तिच्या तळमजल्यावर दीड-दोनशे फुटांचे गाळे आखले आहेत. जुन्या दुकानदारांचे गाळे हा त्यांचा हक्क, त्याला हात लावायचा नाही. पण बिल्डरच्या विक्रीच्या वाट्यातली सहा-आठ हजार फुटांची जागा सलग ठेवली, मागून टेम्पोला फाटक दिलं आणि तळघरात गोदाम करून मालाची लिफ्ट बसवली, तर एखादी सहकारी संस्था किंवा लहान साखळी तिथे नक्की येईल. गाळे एकदा सुटे विकले गेले की दहा मालकांना एकत्र आणणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही. म्हणून करारावर सही करण्याआधीच सोसायट्यांनी ही अट घालावी. विकास आराखड्यात मंडईसाठी आरक्षणं असतात. आपल्या विभागातल्या तशा जागांचं काय चाललं आहे, ते नगरसेवक होऊ पाहणाऱ्यांनी जाहीर सांगावं.

आणि आमच्या भागाला सहकारी दुकान काही नवीन नाही. 1948 साली पलीकडे नायगावात गिरणी कामगारांनीच 'अपना बाजार' उभा केला. डीमार्टचे राधाकिशन दमाणी यांनीही स्वतःची साखळी काढण्याआधी नेरुळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवली होती. म्हणजे त्यांची पहिली शाळा आमच्या नायगावचीच म्हणायची! असं दुकान येईपर्यंत ज्यांना थांबायचं नाही त्यांनी मुंबई ग्राहक पंचायतीचा संघ काढावा. शेजारची कुटुंबं महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, माल एका ठिकाणी उतरतो आणि सगळे मिळून वाटून घेतात. 1975 पासून हे चालू आहे. कष्ट पडतात, नाही असं नाही. पण त्यासाठी भूखंड लागत नाही.

भावी नगरसेवकांना एवढंच विचारायचं आहे: कोणता प्लॉट, कोणाच्या मालकीचा, समोरचा रस्ता किती फुटी, आणि टेम्पो उतरवणार कुठे? फलकावरचे दोन फोटो कमी करून तिथे त्या जागेचा सी. एस. नंबर, म्हणजे भूमापन क्रमांक, छापा. पुढच्या महिन्यात आमच्या पुनर्विकास समितीची बैठक आहे. सह्यांचे कागद राहू द्या, येताना नकाशा घेऊन या.

– एक वाचक, काळाचौकी, मुंबई