खाऱ्या पाण्याची खूण दाखवणाऱ्या काकांस

आदरणीय काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आपल्या घरी नेऊन देणे काही अवघड नव्हते. परंतु आपल्यासमोर आभाराचा शब्द काढला की आपण चप्पल शोधू लागता, हे या उन्हाळ्यात पुरते कळले आहे. शिवाय पूर्णा नदीकाठच्या, जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतील कितीतरी गावांत, एप्रिल-मे महिन्यांत अंगणातली झाडे करपली की सारा दोष उन्हाच्या माथी मारून लोक मोकळे होतात. त्यांच्यापैकी काही जणांच्या तरी वाचनात यावे, म्हणून हे पत्र उघडे लिहीत आहे.

पारा ४५ अंशांच्या आसपास होता आणि आमच्या परसबागेतील लिंबू, जास्वंद व सासूबाईंचा कुंडीतला मोगरा एकाच वेळी आजारी पडले होते. पाने दुपारी मलूल होत, यात नवल नव्हते. मात्र सूर्य कलल्यावर आणि पाणी घातल्यावरही ती सावरत नव्हती. जुन्या पानांची टोके आणि कडा आधी तपकिरी होत, मग ती किनार आत सरकत जाई, आणि माती तर हाताला ओलीच लागत असे.

आपल्याआधी ज्यांना विचारले त्यांच्याविषयी काही लिहू नये, असे घरच्यांचे म्हणणे आहे, तरीही लिहिते. ज्यांच्याकडून रोपे आणली होती, त्या गृहस्थांनी मोबाइलवरची नजरही न काढता "पाणी वाढवा" असे सांगितले आणि खताची एक पुडी हाती ठेवली. पुढच्या खेपेस त्याहून मोठी पुडी ठेवली. पैसे घेऊन फोनवर सल्ला देणाऱ्या दुसऱ्या जाणकारांनी पानांचे फोटो पाहून बोअरचे पाणी दोन्ही वेळा द्यायला सांगितले, आणि कूलरचे व फिल्टरमधून वाया जाणारे पाणीही झाडांनाच घालण्याचा आग्रह धरला, कारण पाण्याचा थेंबही वाया जाऊ नये. आमचे गाव कोणते आणि बोअर कोठला, हे दोघांपैकी एकालाही विचारावेसे वाटले नाही. इतक्या घाईने दिलेले उत्तर पैसे मोजून घ्यावे लागते, याचा राग अजून गेलेला नाही.

आपण आलात ते भर दुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. आल्या आल्या पानांकडे न पाहता आपण विचारले, "कूलरचं पाणी कुठं ओतता, बाई?" तो प्रश्न ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. मग आपण मोगऱ्याच्या कुंडीशी उकिडवे बसलात, काठाशी साचलेला पांढरा थर नखाने खरवडलात आणि म्हणालात, "झाडाले पाणी कमी नाही पडलं. मीठ जास्त झालं." आमच्या भागातील भूजल मुळातच खारे, कूलरमध्ये त्यातील पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, आणि फिल्टर गोडे पाणी आपल्याला देऊन उरलेला खारटपणा त्या वाया जाणाऱ्या पाण्यात सोडतो. उन्हाने मातीतील ओल जितकी उडते तितके मीठ मुळांभोवती दाटत जाते, आणि मग ओल्या मातीतूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. रासायनिक खत हाही एक क्षारच, त्यामुळे त्या पुड्यांनी भरच घातली. एवढे सगळे आपण चहा निवण्याच्या आत सांगून टाकलेत.

पण काका, हे पत्र लिहायला लावले ते या समजावण्याने नव्हे. संध्याकाळी आपण पुन्हा आलात, तेव्हा सायकलच्या कॅरिअरला दोरीने बांधलेला, नळाच्या पाण्याचा एक कॅन होता. ८४ खेडी या पाणीपुरवठा योजनेचा नळ आपल्या गल्लीत किती दिवसांनी येतो, आणि आला तरी किती वेळ टिकतो, हे गावात कोणाला सांगायला नको. त्या पाण्यातून आपल्या घरी स्वयंपाक होतो. ते वरणभाताचे पाणी आपण एका परक्या घरच्या मोगऱ्यासाठी घेऊन आलात आणि तांब्याने, अगदी संथपणे, कुंडीच्या तळाच्या छिद्रातून धार लागेपर्यंत ओतत राहिलात. खालच्या ताटलीत जमलेल्या मातकट पाण्यात बोट बुडवून आपण ते जिभेला लावलेत, थुंकलात, आणि "तुम्हीही पाहा" म्हणून ताटली माझ्यापुढे केलीत. ते पाणी खारट होते. सासूबाईंनी तर डाव्या हाताने पदर सावरत, देवाचे तीर्थ घ्यावे तितक्या गंभीरपणे चव घेतली आणि लगेच ताटली मोरीत रिकामी केली.

निघताना कॅन तेथेच ठेवून आपण म्हणालात की, थोडे पाणी उरले आहे, ते उद्या लिंबाला घाला, मात्र बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या घेराखालच्या आळ्यात घाला. आपल्याकडे पाणी पुरेल का, हे विचारण्याचे मला त्या वेळी सुचले नाही, आणि नंतर विचारले तेव्हा आपण भलताच विषय काढलात.

त्यानंतर बाग कशी सावरली याचा पाढा वाचत नाही. थोडक्यात सांगायचे, तर पुड्या बंद झाल्या, नळाच्या पाण्यातला वाटा ठरला, सावलीसाठी हिरवी जाळी पश्चिमेच्या बाजूला तिरपी बांधली गेली, आणि माती उघडी राहू नये म्हणून हरभऱ्याच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाचा, दोन-तीन इंचांचा थर आळ्यांमध्ये पसरला. गाईच्या तोंडचे कुटार झाडाखाली घालण्यावरून घरात मोठा वाद झाला. ओल उडणे थांबले की मीठही वर येणे कमी होते, हे पटल्यावर तो मिटला, असे लिहिले तर खोटे ठरेल, कारण तो अजून चालूच आहे. जळलेली पाने हिरवी होणार नाहीत असे आपण आधीच बजावले होते, त्यामुळे तिकडे डोळे लावून बसलो नाही. नवी पालवी मात्र कोऱ्या कडांनिशी आली, लिंबावर आधी आणि मोगऱ्यावर जरा उशिराने. जास्वंद गेली. ती आपण पहिल्याच दिवशी पाहून मान हलवली होती आणि खोटी आशा दाखवली नव्हती, याबद्दलही आभार मानते.

सरकारी रोपवाटिकेत उमर घालवलेल्या माणसाला एवढे ठाऊक असणारच, असे कोणी म्हणेल. ज्ञान असलेली माणसे मलाही पुष्कळ भेटली आहेत. परंतु स्वतःच्या घरचा माठ अर्धा ठेवून दुसऱ्याच्या कुंडीत पाणी ओतणे कोणत्याही नोकरीत शिकवत नाहीत, आणि आमच्यासारख्या पाण्याला महाग गावात अशी माणसे अजून आहेत म्हणूनच येथे राहणे सुसह्य होते. पाहुणा आला की गोड्या पाण्याचा तांब्या पुढे करण्याची येथली पद्धत आपण झाडांपर्यंत नेलीत, एवढेच म्हणते.

आता एक काम आहे. पुढच्या उन्हाळ्यासाठी छपराचे पावसाचे पाणी टाकीत साठवावे, हे आपलेच सांगणे. टाकी आली आहे आणि पन्हळ बसवायला मिस्त्री येत्या रविवारी सकाळी येणार आहे. पहिल्या पावसाचे धूळमिश्रित पाणी बाहेर सोडण्यासाठी तोटी कोठे ठेवावी, यावर त्याचे आणि आमच्या यजमानांचे एकमत होत नाही. आपण ऊन चढायच्या आत येऊन तेवढी जागा दाखवून द्यावी. कॅन धुऊन ठेवला आहे. शुक्रवारी नळ आला, तर भरूनच परत करू.

आपली नम्र,
पलीकडच्या आळीतील, मोगऱ्याच्या घरची सून