माझ्या जागी उभे राहून ऐकणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

कार्यक्रम होऊन दोन आठवडे उलटले, तरी साउंडचेकची, म्हणजे त्याआधी आवाज जुळवून घेण्याची, ती पाच मिनिटे मनातून जात नाहीत. आभार समोरासमोर मानायचे राहून गेले, कारण मी मंचावरून उतरले तेव्हा तुम्ही ध्वनियंत्रणेच्या मिक्सरवर पुढच्या कलाकाराच्या तयारीत होता, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी माझ्या तोंडून धड वाक्यही निघाले नसते. जिचे पोट रॅपच्या शब्दांवर चालते तिला हे कबूल करावे लागावे, ही गंमतच म्हणायची.

मी सवयीने विचारले होते, "काका, बीट थोडे कमी होईल का?" (बीट म्हणजे माझ्या शब्दांमागे वाजणारे संगीत.) या प्रश्नाला आजवर मिळालेली उत्तरे मला पाठ आहेत. "मॅडम, सगळ्यांना हेच ठेवले आहे", "बाहेर छान ऐकू येते आहे", नाहीतर लांबून दाखवलेला नुसता अंगठा. तुम्ही मात्र मिक्सर सोडून मंचावर चालत आलात, मला जरा बाजूला व्हायला सांगितलेत, मी उभी होते नेमक्या त्या जागी उभे राहिलात, माझ्या उंचीला येण्यासाठी गुडघे किंचित वाकवलेत आणि मॉनिटरमधून, म्हणजे कलाकाराला स्वतःचे ऐकू यावे म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरमधून, काय येते ते अर्धा मिनिट शांतपणे ऐकलेत. मग म्हणालात, "यात तुम्ही कुठेच नाही आहात."

तुम्ही मॉनिटरबद्दल बोलत होता, हे मला कळत होते. तरीही रॅपमधल्या नऊ वर्षांचा हिशेब कोणीतरी एका वाक्यात मांडल्यासारखे वाटले.

स्वतःचा आवाज कानावर आला नाही की माणूस तो नकळत चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी हे १९११ मध्येच मांडले होते आणि आजही हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आवाज चढला की पट्टीही वर सरकते. रॅपमध्ये तर शब्द दाटीने बसवायचे असतात, कोणत्या शब्दानंतर श्वास घ्यायचा हे आधी ठरलेले असते, आणि ओरडावे लागले की तो श्वास अर्ध्या ओळीतच संपतो. त्यातून मराठीतली 'ख', 'घ', 'भ' ही अक्षरे आपापली जास्तीची हवा मागून घेतात. सोळा सोळा बारचे (तालाच्या मापांचे) व्हर्स, म्हणजे कडवी, मी असे ओरडून पार पाडत आले, आणि मग बीट कमी न करणारी तीच मंडळी म्हणत की मुलीचा आवाज किरकिरा लागतो, रॅप तिला पेलत नाही. दोन वर्षांपूर्वी स्वररज्जूंवर गाठी आल्या, डॉक्टरांनी सक्तीचे मौन सांगितले, तेव्हा मीही स्वतःलाच दोष देत बसले होते.

एका स्टुडिओत मी लिहिलेले व्हर्स दुसऱ्याला देऊन "तू हुक तेवढा गा, गोड वाटेल" असे सांगण्यात आले; हुक म्हणजे गाण्यात परत परत येणारी ओळ. पोस्टरवर मी बहुतेक वेळा "आणि इतर" या दोन शब्दांत असते. एका जाणकाराने तर या क्षेत्रात बायकांचे काही योगदानच नाही, असे मला ऐकवले होते. तेव्हा उत्तर सुचले नाही, आता सुचते. १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट' ही रेकॉर्ड काढून रॅप घराघरांत पोहोचवले ते सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंनी. १९८४ मध्ये रॉक्सॅन शांतेने मुलांच्या गाण्याला गाण्यानेच उत्तर दिले, तेव्हा ती अवघी १४ वर्षांची होती. लॉरिन हिल या रॅपर-गायिकेला १९९९ मध्ये वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी, हे अमेरिकेतले संगीताचे पारितोषिक, मिळाले, पण तोच अल्बम रॅपच्या नव्हे, आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) या संगीतप्रकाराच्या गटात धरला गेला. सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार १९९६ पासून दिला जातो आणि तो एकट्या स्त्रीच्या नावावर पहिल्यांदा लागला २०१९ मध्ये, कार्डी बी या रॅपरच्या. मधली २३ वर्षे रॅप करणाऱ्या बायका काही गप्प बसलेल्या नव्हत्या.

तुम्ही परत जाऊन नेमके काय फिरवलेत ते मला सांगता येणार नाही. बीट खाली गेले, माझा आवाज वर आला. "माइकची जाळी मुठीत धरू नका, शिट्टी मारतो, दांडा धरा, म्हणजे मला तुम्हाला अजून वाढवता येईल," एवढे तुम्ही जाता जाता सांगितलेत, आणि त्यात शिकवणीचा सूर नव्हता.

माझ्या दुसऱ्या व्हर्समध्ये आईबद्दलच्या चार ओळी आहेत. त्या मी हळू म्हणण्यासाठी लिहिल्या होत्या, आणि मंचावर आजवर एकदाही हळू म्हणू शकले नव्हते. त्या संध्याकाळी म्हटल्या, जवळजवळ कुजबुजल्यासारख्या, आणि शेवटच्या रांगेतले बोलणे थांबलेले मला वरून दिसले.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. साउंडचेकला माझ्यानंतर जो मुलगा आला त्याच्याही जागी तुम्ही तसेच जाऊन उभे राहिलात, हे मी विंगेतून पाहिले आणि मला दुप्पट बरे वाटले. मुलगी म्हणून मिळणारी खास वागणूक मला लांबून ओळखू येते, तिची किंमतही पुढे वसूल केली जाते. तुमचे तसे नव्हते; समोरच्याला काय ऐकू येते हे पाहणे हा तुमच्या लेखी कामाचाच भाग होता. अशी सभ्यता असलेल्या माणसांचा कुठे गाजावाजा होत नाही, पण मंचावरच्या कित्येकांचे गळे त्यांच्याच जिवावर शाबूत आहेत.

पोस्टरवर नाव नसल्याची तक्रार मी वर एवढी केली, आणि तुमचे नाव विचारायचे मात्र मलाही सुचले नाही. कार्यक्रमाच्या शेवटी सर्वांचे आभार मानताना ध्वनिव्यवस्थेचा उल्लेखही माझ्याकडून राहून गेला, त्याबद्दल क्षमस्व. त्या चार ओळींचे गाणे पुढच्या महिन्यात ध्वनिमुद्रित होणार आहे आणि श्रेयनामावलीत एक जागा मोकळी ठेवली आहे. आपले पूर्ण नाव, जसे छापलेले आपल्याला आवडेल तसे, कृपया कळवावे.

आपली कृतज्ञ,
'आणि इतर' यांपैकी एक